नऊ नोव्हेंबरचा हिशेब

जर्मन लोक ९ नोव्हेंबरला 'नियतीचा दिवस' म्हणतात. १८४८ साली या दिवशी रॉबर्ट ब्लुम या लोकशाहीवादी नेत्याला व्हिएन्नाबाहेर गोळ्या घालण्यात आल्या. १९१८ साली याच दिवशी कैसरची राजवट कोसळली आणि बर्लिनमध्ये प्रजासत्ताकाची घोषणा झाली. १९२३ साली हिटलरचे पहिले बंड म्युनिकच्या रस्त्यावर पोलिसांच्या गोळीबारात संपले. १९३८ साली देशभर ज्यूंची प्रार्थनास्थळे पेटवली गेली. १९८९ साली बर्लिनची भिंत उघडली. एका देशाच्या दीड शतकातली इतकी वळणे एकाच तारखेवर यावीत, हे पाहून कोणालाही वाटेल की यामागे काहीतरी असले पाहिजे. तसे खरोखरच आहे. मात्र ते पाचही घटनांमागे नाही, आणि जिथे आहे तिथे ते शोधायला ग्रहताऱ्यांकडे जावे लागत नाही. म्युनिकच्या जुन्या नगरभवनातल्या एका मेजवानीत ते सापडते. त्या मेजवानीपर्यंत जाण्याआधी थोडे गणित करणे भाग आहे, कारण अशा योगायोगांच्या बाबतीत भाबडेपणा दोन्ही बाजूंनी होतो. एक बाजू प्रत्येक जुळणीत संकेत पाहते, तर दुसरी बाजू 'योगायोग आहे, सोडा' म्हणून विषय मिटवते. इथे दोघांचेही काम अर्धवट राहते.

तेवीस माणसे एका खोलीत जमली, तर त्यांतल्या कोणा दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, हे बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. ऐतिहासिक घटनांनाही हाच नियम लागू पडतो. जर्मनीच्या त्या काळातल्या १०० मोठ्या घटनांची यादी केली आणि त्या वर्षाच्या ३६५ दिवसांवर कशाही विखुरल्या, तर कुठल्या तरी एका तारखेवर पाच घटना जमण्याची शक्यता अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरते. यादी ३०० घटनांची केली की तीच शक्यता चाळीस टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे आश्चर्य किती वाटून घ्यायचे, हे यादी किती सैल हाताने केली त्यावर ठरते. यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे: या घटना काही तीनशेच्या यादीत तळाशी कुठेतरी बसणाऱ्या नाहीत, त्या अव्वल दर्जाच्या आहेत. ब्लुम याला अपवाद. तो फ्रँकफर्टच्या राष्ट्रीय सभेतला डाव्या गटाचा प्रमुख नेता होता, त्याचा मृत्यू त्या काळी जर्मनीभर गाजला, पण ही तारीख आधी प्रसिद्ध झाली नसती तर आज त्याला पहिल्या वीस घटनांत कोणी बसवले नसते. त्याला बाजूला ठेवू. उरलेल्या चार घटना मात्र कोणाच्याही पहिल्या विसांत येतील, आणि वीस घटनांपैकी चार निव्वळ अपघाताने एकाच तारखेला येण्याची शक्यता दहा हजारांत एक इतकी आहे. एवढी कमी शक्यता 'योगायोग' म्हणून झटकता येत नाही. एक तर तारखा जुळवून घेतल्या असतील, नाही तर घटना एकमेकींतून निघाल्या असतील.

तारखा जुळवल्या गेल्या आहेत, हे काही अंशी खरे आहे. १९२३ चे बंड मुळात ८ तारखेच्या संध्याकाळी सुरू झाले. १९३८ चा हिंसाचार ९ च्या रात्री सुरू होऊन १० तारखेला दिवसभर चालला. कैसरने पदत्यागाच्या कागदावर प्रत्यक्ष सही केली ती १९१८ च्या २८ नोव्हेंबरला, हॉलंडमध्ये बसून. १९८९ मध्ये बर्लिनच्या बोर्नहोल्मर श्ट्रासे नाक्याचे फाटक सरसकट उघडले तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजत आले होते. तिथल्या अधिकाऱ्याने आणखी तासभर कळ काढली असती तर इतिहासाच्या पुस्तकांत १० नोव्हेंबर आला असता. घटनेला लांबी असते आणि तारीख हा एक बिंदू असतो, त्यामुळे सोयीचा बिंदू निवडायला नेहमीच जागा मिळते. शिवाय हा बिंदूही कालगणनेवर अवलंबून असतो. शिवजयंती १९ फेब्रुवारीला की फाल्गुन वद्य तृतीयेला, हा वाद ज्या समाजात वर्षानुवर्षे चालतो त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. नेपोलियनने फ्रान्समध्ये सत्ता बळकावली तोही १७९९ चा ९ नोव्हेंबरच होता, पण तेव्हा फ्रान्समध्ये क्रांतीची स्वतःची दिनदर्शिका चालू असल्यामुळे तो दिवस 'अठरा ब्रुमेअर' म्हणूनच ओळखला जातो. आणि भारतापुरती यादी करायला बसले तर तीही तयार होते: १९४७ साली ९ नोव्हेंबरला भारताने जुनागढचा कारभार हाती घेतला, १९६२ साली महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे निधन झाले, २००० साली उत्तराखंड राज्य जन्माला आले, २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने अयोध्येचा निकाल दिला. या चार घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही आणि कोणी तो जोडायलाही गेलेले नाही. जर्मन यादी वेगळी ठरते ती इथेच. तिथे काही दुवे खरे आहेत.

पहिला दुवा, ब्लुमपासून १९१८ पर्यंतचा, मात्र पोकळ आहे. १९१८ च्या त्या शनिवारी बर्लिनमध्ये जे घडले त्याची वेळ किएलच्या बंदरातल्या खलाशांच्या बंडाने, हरलेल्या युद्धाने आणि कारखान्यांतून रस्त्यावर आलेल्या कामगारांनी ठरवली. चान्सेलर माक्स फॉन बाडेनने दुपारी बाराच्या सुमारास, कैसरची संमती हाती नसतानाच, त्याने सिंहासन सोडल्याचे जाहीर करून टाकले. दोनच्या सुमारास समाजवादी पुढारी फिलिप शायडेमानने संसदभवनातून जमावासमोर प्रजासत्ताक घोषित केले. कडवा डावा नेता लीबक्नेश्ट क्रांतिकारी समाजवादी राज्याची घोषणा करणार ही कुणकुण लागल्यामुळे शायडेमानला घाई झाली होती. शायडेमानचाच सहकारी एबर्ट यावर संतापला, कारण राज्याचे स्वरूप निवडून आलेल्या सभेने ठरवावे असे त्याचे मत होते. तासा-दोन तासांत लीबक्नेश्टने राजवाड्यापाशी आपली घोषणा केलीच. या धांदलीत सत्तर वर्षांपूर्वीच्या ब्लुमची तारीख पाहून कोणी पाऊल टाकले असेल, असे मानायला जागा नाही. इथे योगायोग मान्य करून पुढे जावे.

१९२३ ची गोष्ट गुंतागुंतीची आहे. प्रजासत्ताक आणणाऱ्यांना हिटलर आणि त्याचे साथीदार 'नोव्हेंबरचे गुन्हेगार' म्हणत. युद्ध हरण्याचा आणि राजवट बदलण्याचा सगळा दोष त्यांनी एका महिन्याच्या नावात कोंबला होता. बंडासाठी त्यांच्या मनात आधी ११ नोव्हेंबर, म्हणजे युद्धबंदीच्या कराराचा दिवस होता. पण बव्हेरियाचा त्या वेळचा सर्वाधिकारी गुस्टाव्ह फॉन कार ८ तारखेला संध्याकाळी म्युनिकच्या ब्युर्गरब्रॉयकेलर या मोठ्या बिअर हॉलमध्ये भाषण करणार असल्याचे कळले आणि सगळे बडे लोक एकाच छताखाली सापडतील म्हणून बेत अलीकडे ओढला गेला. हिटलरने सभागृहात शिरून छताकडे गोळी झाडली, कारला आणि त्याच्या दोन साथीदारांना पिस्तुलाच्या धाकाने होकार द्यायला लावले; रात्रीतून ते निसटले आणि उलटले. दुसऱ्या दिवशी, ९ तारखेला, सुमारे दोन हजार लोक हिटलर आणि जनरल लुडेनडॉर्फ यांच्यामागे शहराच्या मध्याकडे निघाले आणि फेल्डहेर्नहाले या स्मारकापाशी पोलिसांनी त्यांना गोळीबार करून थांबवले. चार पोलीस मेले, बंडाच्या बाजूचे सोळा जण मेल्याचे पक्षाने पुढे सांगितले. तेव्हा १९१८ आणि १९२३ यांचा संबंध आहे की नाही? महिना जुळण्यामागे हेतू होता, त्या नोव्हेंबरची जखम उकरून तिच्यावर राजकारण उभे करायचे होते. नेमका नववा दिवस जुळणे मात्र कारच्या भाषणाच्या तारखेवर अवलंबून होते. म्हणून हा दुवा अर्धा धरावा. पूर्ण धरणारे आणि अजिबात न धरणारे, दोघेही चुकतात.

यापुढचा दुवा मात्र पक्का आहे. फसलेल्या बंडासाठी हिटलरला पाच वर्षांची शिक्षा झाली, तो वर्षभराच्या आतच लँड्सबर्गच्या तुरुंगातून सुटला, आणि सत्तेवर आल्यावर त्याने या पराभवालाच पक्षाचा सर्वात पवित्र सण करून टाकले. १९३३ पासून दरवर्षी ८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी त्याच बिअर हॉलमध्ये 'जुन्या लढवय्यांसमोर' त्याचे भाषण आणि ९ तारखेला मिरवणूक, असा परिपाठ पडला. १९३५ साली त्या सोळा जणांच्या शवपेट्या म्युनिकच्या क्योनिग्सप्लात्स चौकात खास बांधलेल्या दोन मंदिरांत हलवण्यात आल्या. अशा सणाचा एक व्यावहारिक परिणाम होतो, ज्याकडे 'नियतीचा दिवस' म्हणणारे पाहत नाहीत. सत्तेतले सगळे लोक दरवर्षी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या शहरात, ठरलेल्या सभागृहात असतात. भाषणे आवेशाची होतात, मेलेल्यांची नावे घेतली जातात, सूडाची भाषा ही त्या दिवसाची रीतच होते.

१९३८ च्या ऑक्टोबरअखेर जर्मनीने सुमारे सतरा हजार पोलिश ज्यूंना सरहद्दीबाहेर हाकलले. त्यांत ज्याचे आईवडील होते तो हर्शेल ग्रिन्श्पान हा सतरा वर्षांचा मुलगा पॅरिसमध्ये राहत होता. त्याने ७ नोव्हेंबरला तिथल्या जर्मन वकिलातीत अर्न्स्ट फॉम राथ या अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या. फॉम राथ दोन दिवस झुंजला आणि ९ तारखेला दुपारनंतर मरण पावला. ही बातमी म्युनिकला पोचली तेव्हा पक्षाचे प्रांतोप्रांतीचे प्रमुख आणि तपकिरी गणवेशातल्या दलाचे नेते वर्धापनदिनाच्या मेजवानीला जुन्या नगरभवनात बसले होते. हिटलर प्रचारमंत्री गोबेल्सशी बोलून निघून गेला. गोबेल्स उठला, त्याने भडकावणारे भाषण केले, आणि ऐकणाऱ्यांना संकेत कळला. त्यांनी तिथूनच आपापल्या भागात फोन फिरवले. त्या रात्रीत आणि दुसऱ्या दिवशी १,४०० हून अधिक सिनेगॉग आणि प्रार्थनागृहे जाळली किंवा मोडली गेली, सुमारे ७,५०० ज्यू दुकाने फुटली, सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना दाखाऊ, बुखेनवाल्ड आणि झाक्सेनहाउझेनच्या छळछावण्यांत नेण्यात आले. सरकारी आकडा ९१ मृतांचा होता, खरा त्याहून कितीतरी मोठा. वर नुकसानभरपाई म्हणून ज्यूंवरच एक अब्ज राईशमार्कचा दंड बसवण्यात आला.

इथे सर्वात मोठा आक्षेप उभा राहतो. ज्यूद्वेष हे या राजवटीचे धोरणच होते. १९३३ पासून कायदे, बहिष्कार, मालमत्ता हिसकावणे चालूच होते. फॉम राथ मार्चमध्ये मेला असता तरी हेच झाले असते, मग तारखेला एवढे महत्त्व कशासाठी? काही ठिकाणी, विशेषतः कासेलच्या परिसरात, हल्ले तर ७ तारखेलाच सुरू झाले होते, हेही खरे. धोरणाचे पाप तारखेवर ढकलण्याचा इथे मुळीच हेतू नाही. पण तुलनेला एक घटना हाताशी आहे आणि ती बोलकी आहे. १९३६ च्या ४ फेब्रुवारीला स्वित्झर्लंडमधल्या दाव्होस गावात तिथला नाझी नेता विल्हेल्म गुस्टलॉफ याला डेव्हिड फ्रँकफर्टर या ज्यू विद्यार्थ्याने गोळ्या घालून मारले. पद पाहिले तर गुस्टलॉफ फॉम राथपेक्षा पक्षाला कितीतरी जवळचा. तरीही जर्मनीत दंगल झाली नाही, कारण दोनच दिवसांनी बव्हेरियातच हिवाळी ऑलिम्पिकचे उद्घाटन व्हायचे होते आणि उन्हाळ्यात बर्लिनला मोठे ऑलिम्पिक भरायचे होते. द्वेष तोच, निमित्त अधिक मोठे, पण कॅलेंडर वेगळे. १९३८ पर्यंत राजवट अधिक निर्ढावली होती, हा फरकही जमेस धरला पाहिजे. तरी एका रात्रीत, एकाच वेळी, आल्प्सपासून बाल्टिकपर्यंत हिंसाचार पेटण्यासाठी आज्ञा देणारे सगळे एकाच जेवणाच्या टेबलांभोवती असणे फार उपयोगी पडले, आणि ते तिथे होते ते पंधरा वर्षांपूर्वीच्या एका फसलेल्या बंडामुळे.

वार्षिक सोहळा म्हणजे शत्रूच्याही हाती दिलेले वेळापत्रक असते, हे पुढच्याच वर्षी दिसले. ग्योर्ग एल्सर नावाचा एक सुतार १९३८ च्या ८ नोव्हेंबरला म्युनिकला आला, बिअर हॉल पाहून गेला, तिथल्या पहाऱ्याचा ढिसाळपणा त्याने हेरला. हिटलर पुढच्या वर्षी याच दिवशी, याच व्यासपीठावर येणार हे कळायला त्याला कुठल्या गुप्तहेराची गरज नव्हती. १९३९ च्या उन्हाळ्याअखेरपासून तो रात्री सभागृहात लपून राहू लागला. तीसहून अधिक रात्री खपून त्याने व्यासपीठामागचा खांब पोखरला आणि त्यात घड्याळाचा बॉम्ब बसवला. ८ नोव्हेंबरला बॉम्ब रात्री ९ वाजून २० मिनिटांनी फुटला आणि आठ जण मेले. हिटलर तेरा मिनिटे आधी निघून गेला होता: धुक्यामुळे विमान उडणे अवघड होते आणि बर्लिनची रेल्वे गाठायची होती, म्हणून भाषण नेहमीपेक्षा लवकर आटोपले. एल्सरला स्विस सरहद्दीवर पकडण्यात आले आणि १९४५ च्या एप्रिलमध्ये दाखाऊत ठार मारण्यात आले. 'नियतीच्या दिवसा'च्या याद्यांत एल्सर सहसा येत नाही, कारण त्याचा बॉम्ब एक दिवस आधी फुटला. वर्षदिनाने घटना कशी घडते याचा त्याच्याइतका स्वच्छ पुरावा मात्र त्या याद्यांत दुसरा नाही. पुढे १९६९ च्या ९ नोव्हेंबरला पश्चिम बर्लिनमध्ये ज्यू समाजाच्या सभागृहात, १९३८ च्या स्मरणसभेच्या दिवशी, एका अतिडाव्या गटाने बॉम्ब ठेवला. तो फुटला नाही. तीही तारीख निवडून घेतलेली होती.

आता राहिले १९८९. तिथे पुन्हा निखळ अपघात आहे. पूर्व जर्मनीच्या पॉलिटब्यूरोचा सदस्य ग्युंटर शाबोव्स्की संध्याकाळी पत्रकार परिषदेला बसला होता. नव्या प्रवासनियमांचा कागद पक्षप्रमुख एगॉन क्रेन्झने त्याच्या हाती आयत्या वेळी दिला होता. नियम दुसऱ्या दिवसापासून, रीतसर अर्ज घेऊन लागू व्हायचे होते आणि बातमी १० तारखेच्या पहाटे द्यायची होती. केव्हापासून, असे विचारल्यावर शाबोव्स्कीने कागद उलटापालटा केला आणि ताबडतोब, विनाविलंब असे उत्तर दिले. दूरचित्रवाणीवर ते सगळ्यांनी ऐकले, नाक्यांवर गर्दी झाली, आणि बोर्नहोल्मर श्ट्रासेवर हाराल्ड येगर या अधिकाऱ्याने वरून स्पष्ट आदेश मिळत नाही म्हणून अखेर स्वतःच्या जबाबदारीवर फाटक उघडले. या साखळीत कोणाच्याही डोक्यात १९१८ किंवा १९३८ नव्हते. म्हणजे वरचा हिशेब आता नव्याने मांडता येतो. १९३८ हे १९२३ मधून निघाले, १९२३ हे निम्मे तरी १९१८ मधून निघाले. खरोखर स्वतंत्र अशा जुळणाऱ्या घटना उरतात त्या दोन, १९१८ आणि १९८९. वीस घटनांपैकी कोणत्याही दोन एका तारखेला येण्याची शक्यता सुमारे एक्केचाळीस टक्के. दहा हजारांत एक हे कोडे त्यामुळे सुटते आणि उरलेल्या योगायोगाने कोणाची झोप उडायचे कारण राहत नाही.

हीच तपासणी आपल्याकडच्या तारखांना लावली तर त्या झटकन दोन गटांत पडतात. २६ जानेवारी हा निवडलेला दिवस. लाहोर काँग्रेसनंतर १९३० साली त्या दिवशी देशभर स्वातंत्र्याची प्रतिज्ञा घेतली गेली होती, म्हणून २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारलेली राज्यघटना पूर्णपणे अमलात येण्यासाठी दोन महिने थांबली. १५ ऑगस्टही निवडलेलाच, फक्त निवडणारा माउंटबॅटन आणि कारण जपानच्या शरणागतीचा वर्षदिन. १ ऑगस्ट १९२० मात्र वेगळा. असहकाराच्या आंदोलनाला त्या दिवशी सुरुवात करायची हे गांधीजींनी आधीच ठरवले होते. मध्यरात्र उलटताच मुंबईत सरदारगृहात लोकमान्य टिळकांचे निधन झाले आणि हरताळ व शोक एकमेकांत मिसळले. त्याच दिवशी वाटेगावात अण्णा भाऊ साठे जन्मले. जन्म आणि मृत्यूची ही गाठ अपघाताची, पण आज महाराष्ट्रातल्या शाळांत पुण्यतिथी आणि जयंती एकाच कार्यक्रमात होते. पुढच्या पिढ्यांसाठी हा संबंध दरवर्षी नव्याने तयार होत राहतो, आणि कधीकाळी त्यातून काही घडलेच तर ते अपघात उरणार नाही.

अशा ओझे झालेल्या तारखेचे काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर जर्मनांनी १९९० साली कृतीतून दिले. एकीकरणाचा राष्ट्रीय दिवस म्हणून भिंत उघडल्याची तारीख सर्वात साहजिक होती, पण तिच्यावर १९३८ ची राख होती. त्या दिवशी झेंडे लावून नाचणे शक्य नव्हते. पूर्व जर्मनीच्या संसदेने २३ ऑगस्टच्या पहाटे २९४ विरुद्ध ६२ मतांनी पश्चिम जर्मनीत सामील होण्याचा ठराव केला आणि त्यासाठी ३ ऑक्टोबर ठरवला. कारणे रुक्ष होती: चार विजेत्या राष्ट्रांबरोबरचा करार व्हायचा होता, युरोपातल्या परराष्ट्रमंत्र्यांना १ आणि २ ऑक्टोबरच्या बैठकीत माहिती द्यायची होती, आणि ७ ऑक्टोबरला येणारा पूर्व जर्मनीचा स्थापनादिन पुन्हा साजरा व्हावा असे फारसे कोणाला वाटत नव्हते. थोडक्यात, मुद्दाम कोरी तारीख घेतली. यादी करणाऱ्यांनी ती कोरी राहू दिली नाही. बव्हेरियाचा बलाढ्य नेता फ्रान्झ योझेफ श्ट्राउस ३ ऑक्टोबर १९८८ ला गेला होता, आणि ३ ऑक्टोबर १९२९ ला गेला होता गुस्टाव्ह श्ट्रेझमान, जो १९२३ च्या नोव्हेंबरात, बिअर हॉलमधले ते बंड झाले तेव्हा, बर्लिनमध्ये चान्सेलर होता.